पाळक घडवायचा तर शहागडात घडवा

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या कुठल्याही बैठकीला बसा, चहा येण्याआधी एक तक्रार कानावर पडतेच : खेड्यावर जायला पाळक तयार होत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, आजकालच्या पोरांत सेवाभाव उरला नाही. माना डोलतात, प्रार्थना होते, चहा येतो. मला या तक्रारीचा आता राग येतो. गावातलं एक चुणचुणीत पोरगं उचलायचं, त्याला तीन-चार वर्षं पुण्यासारख्या शहरात ठेवायचं, इंग्रजी पुस्तकांतून ईश्वरविज्ञान शिकवायचं, इंग्रजीत निबंध लिहून घ्यायचे आणि मग त्यानं अंबड तालुक्यातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये, वीस घरांच्या मंडळीत हसतमुखानं येऊन राहावं अशी अपेक्षा धरायची. पोरगं येत नाही. यात पोराचं काय चुकलं?

आम्ही काही जण सध्या शहागडात एका वर्गाची जुळवाजुळव करतो आहोत. पाळक, प्रचारक, घरोघरी प्रार्थना चालवणाऱ्या बाया, तरुण पोरं यांना सेवेचं शिक्षण देणारा वर्ग, मराठीतून, आणि सगळ्या पंथांना एका चटईवर बसवणारा. आमच्यात सीएनआयचे लोक आहेत, कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, आणि ज्यांना बाकीचे ‘हल्लेलूयावाले’ म्हणून हिणवतात ते स्वतंत्र मंडळ्यांचे प्रचारकही आहेत. जुळवाजुळव जसजशी पुढे सरकते तसतसे सल्ले येऊ लागलेत. पुण्याला करा. पुणे नको तर निदान संभाजीनगरला करा. थोडं इंग्रजी ठेवा, नाहीतर कुणी मान्यता देणार नाही. कॅथलिकांना कशाला घेता? हल्लेलूयावाल्यांना तर मुळीच घेऊ नका. सल्ला देणारी माणसं भली आहेत, काही तर माझ्या घरची आहेत. पण हे सगळे सल्ले एकाच मुळातून उगवलेले आहेत, आणि ते मूळ उपटल्याशिवाय आमचा वर्ग उभा राहायचा नाही.

माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, ती बहुतेक गोदाकाठच्या गावांतच. त्यामुळे दोन्हीकडचे धर्मगुरू, दोन्हीकडची भांडणं आणि दोन्हीकडचं मौन मी स्वयंपाकघरातून पाहिलं आहे. सासूबाई गेल्या तेव्हा अंगणात दोन झगेवाले उभे होते, आणि मयत उचलण्याआधी कोणी कोणती प्रार्थना म्हणायची यावर अर्धा तास वाद झाला. शेजारची मराठ्यांची आणि बौद्धांची माणसं ताटकळत उभी. त्यातल्या एका म्हातारबुवांनी मला हळूच विचारलं, ‘बाई, तुमचा देव दोन आहेत का?’ याचं उत्तर दोघांपैकी एकालाही सेमिनरीत शिकवलेलं नव्हतं.

आता हे पंथ आमच्याकडे आले कसे ते बघा. जालन्याला आलं स्कॉटलंडचं फ्री चर्च, आणि त्याचा इथला माणूस गोरा नव्हता. नारायण शेषाद्री हे मुंबईत शिकलेले ब्राह्मण, १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मुंबईत रान पेटलं आणि बाळशास्त्री जांभेकर त्या पोरामागे उभे राहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. थोरल्या भावाचं पुढे काय झालं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ते जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, महार-मांग ख्रिस्ती झालेल्यांचं. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटी होती, अँग्लिकन. तिचं काम रतनजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती पाळकानं उभं केलं. पलीकडे नगर जिल्हा अमेरिकन मराठी मिशनकडे, म्हणजे काँग्रिगेशनल पद्धतीकडे. कॅथलिक आले ते नागपूरकडून, फ्रान्समधल्या आनेसीच्या संघाचे फादर, एकोणिसावं शतक संपता संपता. प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या पायात पाय नकोत म्हणून आपसात हद्दी ठरवून घेतल्या होत्या. हा तालुका तुमचा, तो आमचा.

म्हणजे माझा आजा प्रेस्बिटेरियन झाला तो कॅल्व्हिन वाचून नाही. त्याच्या वाडीपर्यंत ज्यांची बैलगाडी आधी पोचली, त्यांचा तो झाला. चार कोस अलीकडे जन्मला असता तर अँग्लिकन झाला असता, आणि गोदावरीला त्या साली पूर आला नसता तर कदाचित कुणाचाच झाला नसता. याला मी कमी लेखत नाही. बैलगाडीतून आलेला देवसुद्धा देवच. पण बैलगाडीच्या चाकोरीला सिद्धांत म्हणून पुजायचं आणि तिच्यासाठी आज शेजाऱ्याशी जेवण तोडायचं, हे मला मान्य नाही. ‘आमचा पंथ, आमची शिकवण’ असं जे छाती पुढे काढून सांगितलं जातं, त्यातलं निम्मं म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची परक्या मिशनांची तालुकावाटणी आहे.

ऐक्याची भाषा आमच्याकडे नवी नाही, हेही मान्य. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा मंडळ्या एकत्र आल्या. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. मोठी गोष्ट होती, आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाजूला झाले तरी ती मोठीच राहते. पण त्या ऐक्यात जमलं काय ते बघा. बिशप जमले, घटना जमली, सातबारे आणि ट्रस्टडीड जमली, आणि मग सातबाऱ्यांवरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. गुजरातेतलं ब्रदरन चर्च १९७० साली कायद्यानं खरोखर सीएनआयमध्ये विलीन झालं होतं की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली दिला. झालं नव्हतं, असा. त्रेचाळीस वर्षं! या त्रेचाळीस वर्षांत वकिलांवर जो पैसा गेला त्यात मराठवाड्यातल्या किती प्रचारकांची शिकवणी झाली असती याचा हिशोब मी मांडत नाही, कारण मांडला की झोप येत नाही.

ऐक्य वरून खाली यायचं असतं ही समजूतच आमच्या मुळावर आली आहे. ‘एकुमेनिकल’ हा शब्द हल्ली पत्रकांवर सर्रास दिसतो. त्याच्या पोटात ग्रीक शब्द आहे तो ‘ओइकुमेने’. त्याचा अर्थ वसलेली पृथ्वी, जिथं माणसं घर करून राहतात ती जागा. आपल्याकडे यासाठी साधा शब्द आहे : वस्ती. माणसं वस्तीवर आधीच एकत्र आहेत. एकाच हापशावर पाणी भरतात, एकाच मुकादमाची उचल घेतात, एकाच दवाखान्याच्या रांगेत बसतात. वेगळी बसतात ती फक्त रविवारी सकाळी, आणि वेगळी शिकतात ती फक्त पुढाऱ्यांची पोरं.

मराठीत याचं उदाहरण आहे, आणि ते शंभर वर्षांहून जुनं आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले, तिथल्या सेमिनरीत शिकवलं, ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. रॉबर्ट ह्यूम हे त्या सेमिनरीचे संस्थापक टिळकांचे स्नेही. हे ह्यूम स्वतःच्याच अमेरिकन बोर्डाच्या रोषाला एकदा पात्र झालेले, कारण ख्रिस्ताचं नाव न ऐकता मेलेल्यांना देव पुढे संधी देईल असं मानायला ते तयार होते. म्हणजे टिळकांना माणसं वाईट मिळाली नव्हती. तरीही १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. कोणत्या मिशनचे असा प्रश्न नव्हता. पगार नव्हता.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले आणि दरबार त्यांच्याबरोबर मोडला. त्यावरून आमचे मोठे लोक निष्कर्ष काढतात की असलं काही टिकत नसतं. भावनेच्या भरात सुरू होतं, माणूस गेला की संपतं. मी उलटं वाचते. दरबारात शिष्य होते, गुरू होता, गाणं होतं. पुढचा गुरू घडवण्याची सोय नव्हती. टिळकांना दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. मिशनांकडे शंभर-शंभर वर्षं होती, इमारती होत्या, आणि त्यांनी जे टिकवलं ते म्हणजे पगारी माणसाची वाट बघायची सवय. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. आमच्या सेमिनरीत आज तुकोबा शिकवतात का, हे एकदा कुणीतरी अभ्यासक्रम उघडून पाहावं. ज्या पोराला पैठण आणि जांब यांच्या मधल्या मुलखात बोलायचं आहे, एका अंगाला एकनाथ आणि दुसऱ्या अंगाला रामदास, त्याला इंग्रजी पुस्तकातलं तीन मुद्द्यांचं प्रवचन शिकवून पाठवतात. पोरगं उभं राहतं, ‘पहिला मुद्दा’ म्हणतं, आणि मागच्या रांगेतल्या बाया शेंगा निवडायला घेतात. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच कीर्तन ख्रिस्ती व्यासपीठावर आणलं होतं. त्याही आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं, कारण गोव्यातल्या नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती. परक्याला जे कळलं ते आमच्या अभ्यास मंडळांना कळू नये?

यावर ठरलेलं उत्तर येतं : पदवीचं काय? मान्यतेचं काय? मान्यता म्हणजे सेरामपूरची. बंगालमधलं सेरामपूर, नगरचं श्रीरामपूर नव्हे. हा घोळ आमच्याकडे नेहमी होतो. १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी तिथं कॉलेज काढलं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं पदव्या देण्याची सनद दिली, १९१८ साली बंगालच्या कायद्यानं तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. आज देशभरातल्या कितीतरी सेमिनऱ्या त्या सिनेटला जोडलेल्या आहेत, आणि निरनिराळ्या पंथांची पोरं एकच परीक्षा देतात, हे त्या व्यवस्थेचं खरं पुण्य. पण केरी कोण होता? ज्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली कोश छापला, पंडित वैजनाथांना शेजारी बसवून. त्याच्या नावानं चालणाऱ्या पदवीची सगळी इज्जत आज इंग्रजीला चिकटलेली आहे. मराठीतून शिकवणारे वर्ग मुळीच नाहीत असं नाही, बायबल स्कूलं आहेत. पण तिथं जाणाऱ्याला ‘त्याला इंग्रजी जमलं नाही म्हणून’ अशा नजरेनं बघतात, आणि ती बहुतेक एकेका पंथाच्या कुंपणात आहेत.

यवतमाळचं उदाहरण मला फार बोचतं. १९५३ साली तिथं युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. इव्हँजेलिकल मंडळ्यांनी एकत्र येऊन, विदर्भाच्या कापूसपट्ट्यात, देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी. माध्यम इंग्रजी, तरी जागा यवतमाळ! नंतर ती पुण्याला, बिबवेवाडीला गेली, १९८३ साली. तिथं ती वाढली, नावारूपाला आली, आणि तिच्याकडून शिकलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. पण ज्या दिशेला सगळंच जातं त्याच दिशेला तीही गेली. साखर कारखान्याचा पुढारी, डॉक्टर, प्राध्यापक, आणि आता परमेश्वराचं वचनही, सगळ्यांची बदली पुण्याला. आम्हाला पुण्याला करा म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तिथं आधीच पुष्कळ आहे.

खेड्यातला पाळक शहरात शिकून परत येत नाही ही तक्रार फक्त आमची नाही. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीची हीच रड होती. १९६३ साली त्यांनी उलटं केलं : विद्यार्थ्याला सेमिनरीत बोलावण्याऐवजी सेमिनरीच त्याच्या गावाकडे नेली. पुस्तक घरी, काम चालू, आठवड्यातून एकदा शिक्षक जवळच्या गावी येणार आणि चर्चा होणार. ही पद्धत जगभर पसरली. भारतात त्यासाठी १९७१ मध्ये बंगळुरात ‘टाफ्टी’ ही संस्था झाली. आणि अगदी आपल्या घरातलं बोलायचं तर, मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच राज्याच्या तेलुगू भागात, दोर्नाकलला, बिशप अझरायांनी १९१२ पासून १९४५ पर्यंत माला-मादिगांमधून, तेलुगूतून, गावात राहणारे पाळक आणि शिक्षक उभे केले. त्याच निजामाची आम्हीही रयत. आमच्याकडे बेथेल एका थोर माणसाच्या अंगावर उभं राहिलं, आणि त्या माणसानंतर आम्ही पुन्हा वाट बघत बसलो.

आता शहागडच का, ते. सोलापूर-धुळे महामार्ग इथं गोदावरी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्हा, गेवराई. अलीकडे अंबड, मागे घनसावंगी, नदीच्या वरच्या अंगाला पैठण. चार तालुक्यांतला माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी परततो, मुक्कामाचा खर्च नाही. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या मंडळ्यांतली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर दारात नसतात. कोयता घेऊन जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परततात मार्च-एप्रिलात. काही ठिकाणी प्रचारक स्वतःच उचल घेऊन टोळीत असतो. जून ते एप्रिल असं निवासी वर्ष आखणाऱ्या माणसानं या भागातला डिसेंबर पाहिलेला नाही. नाताळला चर्चमध्ये म्हातारी आणि लेकरं असतात. मंडळी असते कारखान्याच्या आवारात, कोपीत. आमचं वर्ष एप्रिल ते सप्टेंबर असं चालेल, दर आठवड्याला एक दिवस. आणि उसाच्या दिवसांत शिकवणारा कोपीवर जाईल. हे वेळापत्रक पुण्याच्या इमारतीतून सुचणं अवघड आहे.

शिकवायचं काय, यावरही मला भांडायचं आहे. ग्रीक आणि हिब्रू जरूर असू दे, ज्याला झेपेल त्याला. पण खेड्यातल्या पाळकापुढे सोमवारी सकाळी जो प्रश्न येऊन बसतो तो आधी. पोरापोरीचं लग्न लावून द्या म्हणतात. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा सांगतो की लग्न लावायचा अधिकार कोणाला : ठराविक चर्चचे दीक्षित धर्मगुरू, किंवा सरकारी परवाना असलेले. स्वतंत्र मंडळीचा प्रचारक परवान्याशिवाय लग्न लावतो, फोटो निघतात, जेवणं होतात, आणि पाच वर्षांनी नवऱ्यानं टाकलेली पोरगी कोर्टात उभी राहते तेव्हा हातात कागद नसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. हे शिकवायला कोणत्या पंथाचा सिद्धांत आडवा येतो?

दुसरा प्रश्न जातीच्या दाखल्याचा, आणि याबाबत सगळे पंथ एकमतानं गप्प आहेत. ऐक्य हवंच होतं तर हे एक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार, मांग बाहेरच. म्हणून रविवारी एक नाव आणि तहसिलात दुसरं नाव, असं आमच्या घराघरात चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुद्दुचेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला : बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू असल्याचं म्हणणं. बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. पण आज बारावी झालेलं पोरगं पाळकाला विचारतं, ‘फॉर्मवर काय लिहू?’ आणि पाळक एकतर खोटं बोलायला सांगतो, नाहीतर पाप म्हणून धमकावतो. दोन्ही वेळा पोराला एकटं सोडतो. जात हा विषय ज्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात येत नाही, तो मराठवाड्यातला अभ्यासक्रम नव्हे. चर्चच्या आतल्या जातीसकट, म्हणजे महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती यांच्या बाकड्यांसकट.

तिसरं, धर्मप्रसार. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की धर्म सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. दारावर जमाव आल्यावर हे पहिल्यांदा कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं.

आणि आजार. आमच्या गल्लीतल्या एका मधुमेही बाईला एका प्रचारकानं सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या सोडा. तिनं सोडल्या. पुढचं सांगत नाही. या एका गोष्टीवरून मला रोज ऐकवतात की बघा, म्हणूनच हल्लेलूयावाले नकोत. माझं म्हणणं, म्हणूनच हवेत! रात्री अकराला तापलेल्या लेकराच्या उशाशी येऊन बसतो तो हाच माणूस, आमचे दीक्षित धर्मगुरू नाहीत. लोक त्याचं ऐकतात. त्याला वर्गाबाहेर ठेवून तो प्रार्थना थांबवणार आहे का? त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या शेजारी बसवा, रक्तातली साखर म्हणजे काय ते दोघांनी मिळून शिकू दे. आत्म्यानं बोलावलेल्याला शिक्षण लागत नाही असं जो म्हणतो, त्याच्याशी मी दुसऱ्या बाजूनंही भांडेन. पौलालासुद्धा गमलिएलाच्या पायाशी बसावं लागलं होतं.

सिद्धांतांची भेळ होईल, ही भीती मला समजते. माझ्या सासरची मंडळी पवित्र मरियेची माळ जपतात, माहेरच्यांना ती खटकते. चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणी हललेलं नाही. वर्गात कुणाला हलवायचंही नाही. मिस्सा आपल्या जागी, प्रभुभोजन आपल्या जागी. दीक्षा ज्याच्या-त्याच्या मंडळीनं ज्याला-त्याला द्यावी, आम्ही देणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये ऐक्यावर जे फर्मान काढलं, त्यातच धर्मगुरूंना ईश्वरविज्ञान ऐक्याच्या दृष्टीनं शिकवावं असं सांगितलं आहे. म्हणजे आम्ही रोमच्या पुढे पळत नाही, साठ वर्षं मागून चालतो आहोत. टेबलावर पंडिता रमाबाईंचं बायबल राहील, बायबल सोसायटीचं राहील आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ही राहील. एकच अध्याय तिन्हींतून वाचला की जे भांडण होतं त्याइतकं चांगलं शिक्षण मी दुसरं पाहिलेलं नाही.

बायांचा मुद्दा मी शेवटी आणते आहे, कारण तो सल्लागारांना मुद्दाच वाटत नाही. माझी आजी बायबलबाई होती. मिशनच्या वहीत तिची नोंद मदतनीस अशी असायची. प्रत्यक्षात महारवाड्यात, मांगवाड्यात, कधीकधी पाटलाच्या मागच्या दारातही तीच जायची. पाळक गावात महिन्यातून एकदा. अक्षरओळख तिनं करून दिली, बाळंतपणं तिनं केली, आणि आजही शहागडच्या आसपास बुधवारची, शुक्रवारची घरप्रार्थना बाईच चालवते. काही पंथ तिला दीक्षा देतात, काही देत नाहीत. तो निर्णय आमच्या हातात नाही. शिकवणं आहे. आमच्या पहिल्या तुकडीत निम्म्या बाया नसतील तर मी त्यातून बाहेर पडेन, हे मी बैठकीत सांगितलं आहे आणि इथंही सांगते.

पैशाचं विचारतात. परदेशी देणगी आता सोपी नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेत. अनेकांना ही आपत्ती वाटते. मला यात थोडी सुटकाही दिसते, कारण बाहेरचा पैसा आला की पाठोपाठ बाहेरचा पंथ येतो, जीप येते, आणि जीपवरून भांडण. मिझोरामच्या मंडळ्यांत बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला टाकते, आणि त्या मुठींवर त्यांनी मोठी मोठी कामं चालवली. आमच्याकडे ज्वारी आहे. बसायला एका घराची ओसरी मिळाली आहे, पावसाळ्यात शाळेची खोली मागता येईल. शिकवणाऱ्याला एसटीचं भाडं आणि जेवण देऊ.

टोळ्या परतल्या की एप्रिलात सुरुवात आहे. पहिल्या महिन्यात जात आणि विवाहाचा कायदा, सोबत मार्क पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं वाचून. पुण्याच्या सेमिनऱ्यांतल्या ज्या प्राध्यापकांना आमचा दर्जा खालावेल अशी काळजी वाटते, त्यांनी तो वर आणायला यावं. एसटी शहागडला थांबते. फक्त टिपणं मराठीत काढून आणा, आणि चटई एक जास्तीची आणलीत तर बरं.